दोन बाणांची खूण

प्रत्येक घराच्या माळ्यावर एक वस्तू अशी असतेच, की ती कशाची आहे हे घरात कुणाला सांगता येत नाही आणि ती मोडीत घालावी असेही कुणाला वाटत नाही. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती खाली उतरते, अंगावरची धूळ झटकून घेते, मंडळींना दोन घटका बुचकळ्यात पाडते आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. कुणाकडे ती हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी असते, कुणाकडे काटे थिजलेले पितळी घड्याळ, तर कुणाकडे कसल्या तरी जाडजूड कापडाची, ठिकठिकाणी कड्या लावलेली पिशवी. यांतल्या निदान काही वस्तू लढाईतून आलेल्या असतात. दुसरे महायुद्ध संपले त्या वेळी हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे होती. ती आपापल्या घरी परतली. शिवाय लढाई आटोपल्यावर सरकारने नको झालेले सामान विकायला काढले आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या घरांत कायमचा राहायला आला. तंबूंची कापडे आली, घोंगड्या आल्या, बूट आले, दुर्बिणी आल्या. वस्तू घरात आल्या आणि त्यांची नावे मात्र छावणीतच राहिली.

आमच्या घराण्यातली अशी वस्तू थोरल्या काकांची. मेहकर तालुक्यातला आमचा जुना वाडा गेल्या वर्षी विकला गेला आणि वाड्याबरोबर जे विकता येईना ते सारे बुलढाण्याला माझ्या घरी येऊन पडले. त्यात एक चामड्याची पेटी होती. पट्टा कुजलेला, बक्कल हिरवे पडलेले. आत पितळेचा एक सांगाडा. एक कमान, तिच्यात पाच इंच व्यासाचा गोल आरसा दोन्ही बाजूंनी असा अडकवलेला, की तो वरखाली डुलावा. खाली बारीक दात्यांची तबकडी आणि तिला लागून एक स्क्रू. तो फिरवला की सगळे यंत्र मुंगीच्या पावलाने वळते. आरशाच्या पाठीशी एक उभी दांडी आणि तिच्या पायथ्याशी बोटाने दाबायची खुंटी. खुंटी दाबली की आरसा किंचित मान तुकवतो, सोडली की पुन्हा ताठ. शिवाय सांधे असलेली एक आडवी दांडी, टोकाला पातळ पट्टी. आणखी एक सुटा आरसा. एक लाकडी तिपाई. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे पहिल्या आरशाच्या ऐन मध्यावर मुगाच्या दाण्याएवढा एक ठिपका, जिथे पारा नव्हताच. पारा उडालाही नव्हता. तो तेवढा जाणून सोडलेला दिसत होता.

या पेटीची आमच्या गावाला चांगली ओळख होती. पण ती यंत्र म्हणून नव्हे, बदनामी म्हणून. थोरले काका १९४० साली सैन्यात गेले. जबलपूरहून त्यांची पत्रे येत. 'तारेच्या कामावर आहे' एवढेच ते लिहीत, म्हणून गावाने त्यांना पोस्टमन ठरवून टाकले होते. १९४६ साली ते परत आले ते एक ट्रंक, एक घोंगडी आणि ही पेटी घेऊन. आता गावच ते. वाड्यात जे उघडे असते त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहात नाही आणि जे झाकलेले असते त्याच्याभोवती गोष्टी तयार होतात. कुणी म्हणाले, काकांनी हे जर्मनांकडून हिसकावून आणले. ही गोष्ट काही दिवस चालली. मग दुसरी निघाली आणि ती टिकली: काकांनी हा सरकारी माल चोरून आणला.

काका बोलणारे गृहस्थ नव्हते. कुणी फारच खोदून विचारले तर ते एकच वाक्य म्हणत, "सरकारी होतं, आता माझं आहे." लोक यावर हसत. चोरी कबूल करण्याची ही एक नवीनच तऱ्हा आहे, असे म्हणत. १९५८ साली गावात शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा होऊ लागली. काकांचे अक्षर सुरेख, हिशेब चोख, म्हणून खजिनदारीसाठी त्यांचे नाव पुढे आले. तेव्हा भरसभेत कुणीसे म्हणाले, की ज्याच्या माळ्यावर सरकारी पेटी आहे त्याच्या हाती शाळेची पेटी कशी द्यायची? सभा हसली. काका उठून घरी आले. त्या दिवशी पेटी माळ्यावर गेली ती १९८४ साली काका वारले तरी खाली आली नाही.

ही सभेची हकीकत मला आक्काने सांगितली. आक्का म्हणजे काकांची मुलगी, माझी चुलत बहीण. आज ती शहात्तर वर्षांची आहे. सभेच्या वेळी नऊ वर्षांची होती आणि बापाचे बोट धरून तिथे बसली होती. पुढे तिचे लग्न ठरताना सोयऱ्यांच्या कानांवरही ती पेटी घालण्यात आली होती. आक्काने आपल्या आबांना याबद्दल कधी विचारले नाही. "विचारलं असतं आणि त्यांनी मान खाली घातली असती तर?" असे ती मला म्हणाली. वाडा विकताना तिने मला निरोप पाठवला, 'ती पेटी तुझ्याकडे ने. काय आहे ते शोध. जे असेल ते मला सांग. गोड करून सांगू नकोस.'

मी शाळेत सारी हयात विज्ञान शिकवले. त्यामुळे भिंगे आणि आरसे यांची मला भीती नाही. पण आमच्या जिल्ह्यात जुन्या धातूची वस्तू ओळखायची म्हणजे आधी इतिहासाशी झोंबी घ्यावी लागते. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर. साखरखेर्ड्याला ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजामउल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. शेजारच्या अकोला जिल्ह्यात अडगावला १८०३ साली भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. तेव्हा नांगराच्या फाळाला कुठलेही लोखंड लागले तरी ते एक तर लखुजी जाधवरावांचे असते किंवा निजामाच्या फौजेचे. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी पेटी पाहून हा जाधवरावांच्या वाड्यातला आरसा असावा, असा निर्वाळा दिला. आता यंत्राला आटे पाडलेले स्क्रू होते आणि आरशाच्या काठाला इंग्रजी अक्षरांची चाहूल होती. पण ऐंशी वर्षांच्या माणसाला स्क्रू दाखवून गप्प करणे बरे दिसत नाही. मी त्यांना चहा दिला.

मग ज्याने त्याने आपापल्या धंद्याप्रमाणे ओळख पटवली. आमचे डॉक्टर म्हणाले, घसा तपासण्याचा आरसा आहे. आम्ही कपाळाला बांधतो त्याला मधोमध भोक असतेच. फोटो काढणारे म्हणाले, दिव्याचा उजेड फेकायचा आरसा. खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध. तिथल्या एका सराफाच्या ओळखीचे म्हणून मी तो आरसा दाखवला, तर त्यांनी काचेच्या पाठीमागे किती गुंजा चांदी निघेल याचा अंदाज सांगितला आणि तो ऐकून माझ्याच चेहऱ्यावर निराशा पसरली. भूमापन खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी तिपाई पाहिली, तबकडी फिरवली आणि ठासून सांगितले, "हे मोजणीचं यंत्र." हे गृहस्थ सत्याच्या अगदी अंगणापर्यंत पोचले होते, हे पुढे कळले.

खरी वाट दाखवली ती चिखलीकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी. ते सैन्याच्या सिग्नल्स दलात होते. त्यांनी पेटी उघडण्यापूर्वी विचारले, "आत बंद नळकांडं, गोळा, टोपी असलं काही आहे का?" नाही म्हटल्यावर ते पुढे झाले. हा प्रश्न वाचकांनीही ध्यानात ठेवावा. लढाईतली जी वस्तू पोकळ, बंद आणि वजनाने जड आहे, तिला हात लावू नये, ती घासू नये, हलवू नये. सरळ पोलिसांना कळवावे म्हणजे बॉम्बशोधक पथक येते. जुना दारूगोळा म्हातारा झाला म्हणून शहाणा होत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्याच विदर्भात पुलगावजवळ, जाणत्या लोकांच्या देखरेखीखाली दारूगोळा निकामी करायला नेला असताना स्फोट होऊन माणसे दगावली. मग घरच्या माळ्यावर काय करामत करणार?

सुभेदारांनी कमान हातात घेतली, आरसा डुलवून पाहिला आणि मागच्या खुंटीवर बोट ठेवले. बोट आपसूक नाचू लागले. टक्, टक्कट्, टक्. आरसा माना तुकवू लागला. "मास्तर," ते म्हणाले, "हे हेलिओ आहे. हेलिओग्राफ. उन्हानं तार पाठवायचं यंत्र. आमच्या वेळेला हे कपाटात गेलं होतं. पण उस्तादांनी दाखवलं होतं."

उन्हाने तार! हा शब्द ऐकल्यावर मात्र त्या यंत्राचा एकेक अवयव बोलू लागला. लहानपणी वर्गात बसून आरशाचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचवला नाही असा माणूस विरळा. हेलिओग्राफ म्हणजे तोच कवडसा, फक्त शिस्तीत आणलेला. दूरच्या डोंगरावर आपला माणूस बसला आहे. त्याच्या डोळ्यांवर कवडसा नेमका पडला पाहिजे आणि तो क्षणभर व लांब अशा दोन मापांत लुकलुकला पाहिजे. क्षणभर म्हणजे मोर्सच्या लिपीतला ठिपका, लांब म्हणजे रेघ. खुंटी दाबली की आरसा झुकतो आणि उजेड समोरच्या ठाण्यावर पडतो. सोडली की तो बाजूला जातो. एवढेच काम.

पण दहा मैलांवरच्या माणसावर कवडसा पडला की नाही हे पाठवणाऱ्याला कळणार कसे? त्याचे उत्तर त्या मुगाएवढ्या ठिपक्यात आहे. ठिपक्याला पारा नाही, म्हणून तिथून उजेड परतत नाही आणि कवडशाच्या मधोमध एक बारीक काळी सावली पडते. आधी या ठिपक्यातून पाहून समोरच्या आडव्या दांडीवरची पट्टी दूरच्या ठाण्याच्या सरळ रेषेत आणायची. मग आरसा असा वळवायचा, की ती काळी सावली पट्टीवरच्या खुणेवर येऊन बसेल. सावली खुणेवर आली की उजेड ठाण्यावर गेलाच म्हणून समजावे. सूर्य थांबत नाही, म्हणून सावली खुणेवरून घसरत राहते आणि ती परत आणण्यासाठी तो मुंगीच्या पावलाचा स्क्रू. दुसऱ्या आरशाचेही कोडे सुटले. सूर्य पाठीमागे असला तर एक आरसा ऊन पकडून पहिल्याकडे देतो आणि पहिला ते पुढे पाठवतो.

कवडसा दूर जाईल तसा रुंद होतो. आकाशात सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते, त्यामुळे एक किलोमीटरवर झोत जेमतेम नऊ मीटर रुंद असतो आणि दहा किलोमीटरवर नव्वद मीटरांच्या आसपास. त्या पट्ट्याबाहेर उभ्या असलेल्या शत्रूला काही दिसत नाही. तार नको, खांब नको, बॅटरी नको. हवा स्वच्छ असली तर पाच इंची आरसा साध्या डोळ्यांना तीस मैलांवर दिसतो. अमेरिकेत १८९४ साली आठ इंची आरशांनी एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर १८३ मैल निरोप पाठवला होता. मात्र ढग आले की संप. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात हे यंत्र पेटीत झोपूनच राहणार.

आणि याचा जन्म कुठला? विलायतेतला असेल असे मला वाटत होते. पण तो कराचीचा निघाला. इराणी आखाताच्या तार खात्यात काम करणाऱ्या हेन्री मान्स नावाच्या इंग्रजाने १८६९ साली ते तिथे बनवले. पुढे अफगाण युद्धात त्याचा उपयोग झाला. दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथला १८९९-१९०० साली वेढा पडला, तारा तुटल्या, तेव्हा आतली फौज बाहेरच्या फौजेशी बोलत होती ती याच आरशांतून. बिनतारी यंत्रे आली तरी हे मागे पडायला पुष्कळ वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातही हे आरसे लुकलुकत होते.

आमचे भूमापनवाले स्नेही अंगणापर्यंत पोचले होते असे मी म्हणालो ते यासाठी. हेलिओग्राफच्या आधी हेलिओट्रोप नावाचा आरसा होता. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२१ साली तो काढला आणि हिंदुस्थानच्या मोठ्या मोजणीत एव्हरेस्टसाहेबाने तो वापरला. दूरच्या टेकडीवरचा खुणेचा आरसा चमकला, की त्यावर दुर्बीण रोखून कोन मोजायचा. ही मोजणी आपल्या विदर्भावरूनच गेली. तिचा पहिला प्रमुख लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. तो मोजणीचा आरसा एकसारखा चमकत राहतो, त्याला खुंटी नसते. आमच्या यंत्राला खुंटी होती. ते बोलणारे यंत्र होते, मोजणारे नव्हे.

यंत्र ओळखले. पण आक्काचा प्रश्न होता तसाच होता. ती मला यंत्राचे नाव विचारत नव्हती.

आता यंत्रावरची अक्षरे वाचायची होती. पितळेवर काळा थर चढला होता. दिवाळी चार दिवसांवर आलेली. सौ.ने समया, तांब्या-भांडी घासायला काढली होती, चिंच भिजत घातली होती आणि 'त्याच हाताबरोबर हेही लख्ख करून देते' म्हणून तिने कमान उचललीसुद्धा होती. मी आडवा आलो. घरात शब्दाला शब्द वाढला. पण घासले की खुणा झिजतात हे प्रयोगशाळेतल्या वजनांवरून मला ठाऊक होते. आमच्या नातवाने मधला मार्ग काढला. त्याने अंधारात टॉर्चचा उजेड आडवा टाकला आणि मोबाईलवर फोटो काढून मोठा केला. आडव्या उजेडात बारीक ओरखड्याचीही सावली पडते. अक्षरे उठून दिसली: 'हेलिओ ५ इंच मार्क ५'. खाली साल १९१८. म्हणजे यंत्र काकांपेक्षा एका वर्षाने मोठे. आणि त्याच्या शेजारी एक खूण. तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या. बाणाचे फाळ.

ही खूण मी ओळखली आणि माझे मन जड झाले. इंग्रज सरकार आपल्या मालकीच्या वस्तूंवर शेकडो वर्षे हा रुंद बाण ठोकत आले. तोफेवर, बंदुकीवर, दोरखंडावर. एवढेच काय, तिकडे कैद्यांच्या अंगावरच्या कपड्यांवरही तो असे. निरनिराळ्या देशांनी त्यात आपापले अक्षर घातले. कॅनडाचा बाण इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात, ऑस्ट्रेलियाचा दोन 'डी'च्या मध्ये, हिंदुस्थानच्या बाणापाशी 'आय'. इंग्लंडात १८७५ च्या कायद्याने असा बाण असलेला माल विनापरवाना जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवला होता. म्हणजे काकांनी शत्रूकडून यंत्र हिसकावले ही पहिली गोष्ट खोटी ठरली आणि गावाची दुसरी गोष्ट खरी ठरू लागली. माल सरकारचाच होता. त्यावर सरकारचे नाव कोरलेले होते.

दोन दिवस मी आक्काला फोन केला नाही. 'गोड करून सांगू नकोस' हे तिचे शब्द कानांत होते. पण कडू सांगण्यापूर्वी वस्तू सगळीच्या सगळी पाहून व्हायला हवी होती. शाळेत मुलांना मी हेच सांगत असे, की निम्मे निरीक्षण म्हणजे चूक निरीक्षण. वरची बाजू पाहिली होती. तबकडीची खालची बाजू राहिली होती. तिपाईला जोडायच्या आट्याभोवती वर्षानुवर्षांचे चरबट साचून घट्ट झाले होते. मी ते घासले नाही. रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू पुसून काढले. नातवाने पुन्हा टॉर्च आडवा धरला.

तिथे दोन बाण होते. एक डावीकडून आलेला, एक उजवीकडून आलेला, आणि दोघांची टोके एकमेकांना भिडलेली.

जुन्या लष्करी खुणांवरच्या पुस्तकात या चिन्हाचा अर्थ एका ओळीत दिलेला आहे. सरकारला एखादी वस्तू नकोशी झाली, ती दप्तरातून कमी करून रीतसर विकली, म्हणजे मूळ बाण खोडत नाहीत. टोकाला टोक लावलेल्या दोन बाणांचा हा शिक्का मारतात. एक बाण म्हणजे सरकारची मालकी. समोरासमोर दोन बाण म्हणजे सरकारने ती मालकी सोडली. ज्याच्याकडे ही वस्तू आहे त्याला आता कुणी हटकू नये, यासाठीच तो शिक्का.

"सरकारी होतं, आता माझं आहे." काकांनी त्या दोन शिक्क्यांचे मराठीत भाषांतर करून सांगितले होते. ते अक्षरशः खरे होते आणि चाळीस वर्षे गाव त्यावर हसत आले होते.

मी आक्काकडे गेलो. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते. तिला फोटो दाखवले, आधी एक बाण, मग दोन बाण, आणि जेवढे कळले तेवढे सांगितले. या शिक्क्यावरून किंमत कळत नाही, विकत घेणाऱ्याचे नाव कळत नाही. पण चोरलेल्या सरकारी मालावर विक्रीचा शिक्का नसतो. आक्काने तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाली, "उलटं करून दाखवलं असतं तर सभेत सगळ्यांना दिसलं असतं रे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण त्यांनी का दाखवायचं? बोलले होते ना ते. बोललेलं पुरे नव्हतं का?" मला यावर उत्तर सुचले नाही. मी तिच्यापेक्षा लहान आहे.

भाऊबिजेला आक्का बुलढाण्याला आली. ओवाळणी झाल्यावर नातवाने टूम काढली, की यंत्र चालवून पाहायचे. बुलढाणा डोंगरावर वसलेले; मलकापूरच्या रस्त्याने राजूर घाट उतरला की खाली सपाटी लागते. सुभेदार आणि नातू यंत्र घेऊन घाटाच्या माथ्यावर राहिले आणि आक्काला घेऊन मी मोटारीने खाली राजूरपाशी गेलो. सूर्य दक्षिणेला, म्हणजे त्यांच्या पाठीमागे. म्हणून दोन्ही आरसे लावावे लागले. आम्ही घाटाकडे तोंड करून उभे होतो. दहा मिनिटे काही नाही. आक्का म्हणाली, "पारा गेला असेल जुना होऊन." आणि तेवढ्यात डोंगरावर काहीतरी पेटले. दिवा वाटावा असे नाही. डोंगराला डोळा फुटावा आणि त्याने थेट आपल्याकडेच पाहावे, तसे. एकशे सात वर्षांचे यंत्र होते ते.

मग तो उजेड थांबला आणि तुकड्यातुकड्यांनी येऊ लागला. नातवाने आदल्या रात्री आक्काला कागदावर लिहून दिले होते, त्यामुळे ती ओठांनी मोजत होती. छोटा, लांब. मग लांब, छोटा, छोटा, छोटा. मग पुन्हा छोटा, लांब. इंग्रजी ए, बी, ए. आबा.

आक्काने पदराने डोळे टिपले आणि ऊन फार आहे म्हणाली.

यंत्राचे पुढे काय करायचे ते आता आक्का ठरवील. जबलपूरला सिग्नल्स दलाचे संग्रहालय आहे, तिथे द्यावे असे सुभेदार म्हणतात. आमच्या गावच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवावे असे मला वाटते. ज्या इमारतीची खजिनदारी काकांना मिळाली नाही ती अजून उभी आहे आणि प्रकाशाचे परावर्तन आजही तिथे शिकवतात. आक्काचा कल शाळेकडे आहे. मात्र ती म्हणते, की कपाटात ठेवाल तर खालची बाजू वर करून ठेवा.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असे काही असेल तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. बंद आणि जड असेल तर हात न लावता पोलिसांना कळवावे. तसे नसेल तर हे काय असावे, यापेक्षा याचा कोणता भाग हलतो, हे आधी पाहावे. हलणारा भाग वस्तूचा धंदा सांगतो. खूण सापडली तर तेवढ्यावर निकाल देऊ नये, वस्तू उलटी करून दुसरी खूण शोधावी. रणगाडे आणि चिलखती गाड्यांच्या सुट्या भागांसाठी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन ताडून पाहता येते. १९९४ पासून ते तिथे आहे. आणि गृहिणींना हात जोडून विनंती, की यंदाच्या दिवाळीत समया खुशाल लख्ख कराव्यात, पण अनोळखी पितळेला फोटो काढून होईपर्यंत चिंच लावू नये.